हाताला गार लागलं म्हणून

४ मार्च, सोमवार

आज नाक कापलं गेलं, आणि तेही स्वतःच्या घरात, परक्या माणसासमोर.

सूनबाईच्या आर्किटेक्ट बाई सकाळी आल्या होत्या. त्यांच्या नव्या इमारतीची फिल्म सूनबाई बनवतेय. इमारत अजून कागदावरच आहे, पण बघणाऱ्याला वाटावं की आपण दारातून आत शिरलो, जिना चढलो, गच्चीवर जाऊन उभे राहिलो. भलतंच किचकट काम. नात झाल्यावर तिनं नोकरी सोडली, त्यानंतरचं हे पहिलंच. बावीस तारखेपर्यंत द्यायचंय. बाईंना आवडलं तर त्यांच्या ऑफिसचं असलं सगळं काम वर्षभर हिच्याकडे येणार, घरबसल्या. पोरगी महिनाभर हवेत आहे.

आणि कॉम्प्युटर? कॉम्प्युटर मी जोडलेला. तिला दुकानातून तयार घ्यायचा होता. मी म्हटलं, अख्खी हयात तांत्रिक विद्यालयात पोरांना यंत्रं जोडायला शिकवण्यात गेली, आणि माझ्या घरात दुकानातलं मशीन? एकेक भाग पारखून आणला, जोडला, आणि कॅबिनेटच्या स्क्रूवर माझ्या सहीची कागदी पट्टी चिकटवली. प्रयोगशाळेतली सवय. पट्टी फाटलेली दिसली की समजायचं, कोणीतरी आत हात घातलाय.

तर सूनबाईनं बाईंना खुर्ची दिली आणि रेंडर लावलं. म्हणजे सगळी चित्रं जोडून मशीन फिल्म तयार करायला लागतं ते. पंखा घोंघावला. जिन्याच्या निम्म्यावर पोचलो असू, आणि पट्! पडदा काळा. मशीन मेलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तसंच. बाई हसून म्हणाल्या, "असू दे, होतं असं." ते "होतं असं" कानातून जात नाहीये.

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं हो. आणि मी काय बोलावं? "तुला कितीदा सांगितलंय, एका वेळी शंभर गोष्टी उघडून ठेवू नकोस म्हणून!" बाईंच्या देखत. तिला असं मी एकदाही सांगितलेलं नव्हतं.

ती म्हणाली, "हो बाबा. चुकलं माझं."

खरंच तिचं चुकलं का, मला ठाऊक नाही. विचार करायच्या आत जीभ धावली. लिहितानाही कानशिलं गरम होतायत.

५ मार्च, मंगळवार

आजार आधी नीट समजून घ्यायचा, मग औषध. पोरांना हेच शिकवत आलो.

लक्षणं अशी: पत्रं टाइप करा, चित्रं बघा, दिवसभर मशीन ठणठणीत. रेंडर लावलं की थोड्या वेळात खलास. म्हणजे प्रोसेसरवर जोर पडला की जातं. जोर पडला की वीज जास्त ओढतं. म्हणजे दोष विजेत. सरळ आहे. हॉलमधल्या प्लगवर लावून पाहिलं, झोपायच्या खोलीत पाहिलं, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून पाहिलं. अख्ख्या घरात मशीन मिरवलं. बायको म्हणाली, "न्हाणीघर तेवढं राहिलं." सगळीकडे पट्.

चिरंजीवांनी मध्येच शहाणपणा केला. "बाबा, तापत असेल. तापमान पडद्यावर दाखवणारा छोटा प्रोग्राम असतो, टाकून देऊ का?" म्हटलं, माझ्या हातात थर्मामीटर आहे. माझीच पट्टी मी काढली, कॅबिनेट उघडलं, आणि मशीन बंद पडल्या पडल्या कूलरवर हात ठेवला. प्रोसेसर खाली असतो, त्याच्यावर ॲल्युमिनियमचा हा ठोकळा बसवायचा, तो खालची उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. ठोकळा गार! अगदी गार. मुलाचा हात धरून त्याच्यावर ठेवला. "आहे ताप?" तो म्हणाला, "नाही." प्रश्न मिटला. नवी पट्टी लावली, सही केली.

दुपारी नात प्रत्येक वेळी पडदा काळा झाला की टाळ्या वाजवून म्हणत होती, "झोपला! आजोबांचा कॉम्प्युटर झोपला!" सगळे हसले. मला नाही हसू आलं.

७ मार्च, गुरुवार

विजेचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, बदलायचं ठरवलं. कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, चष्म्याकडे. चष्म्या माझा विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. आता चष्मा गेला आणि पोट आलं, पण नाव तेच राहिलं. गावातलं सगळ्यात मोठं दुकान त्याचं. हाताखाली चार माणसं.

सगळं ऐकून म्हणाला, "सर, कूलर काढून पाहिलात का? नीट बसलाय ना?"

गिऱ्हाइकं उभी होती. मला झोंबलं. म्हटलं, "तू माझ्याकडे दोनदा नापास झाला होतास, आठवतंय ना?" गिऱ्हाइकं हसली, त्याची माणसंही हसली. तोही हसला, "कसं विसरेन सर," म्हणाला आणि डबा आणायला आत गेला. आतून यायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

घरी येताना राहून राहून वाटलं, त्यानं साधा प्रश्न विचारला होता. आपल्याच दुकानात, आपल्याच माणसांसमोर त्याला नापास म्हणून आलो. परत जाऊन काही बोलायला हवं होतं. गेलो नाही.

नवा डबा बसवला. रेंडर लावलं. पट्.

९ मार्च, शनिवार

दोष यंत्रात नाही तर वापरात असणार. दुसरं उरतंच काय? एका कागदावर नियम लिहून टेबलासमोर चिकटवले. रेंडर चालू असताना दुसरं काहीही उघडायचं नाही. टेबल हलवायचं नाही. मशीनला मध्ये मध्ये विश्रांती द्यायची. सूनबाईनं सगळे नियम उभं राहून वाचले आणि मान डोलावली.

आता ती फिल्मचे बारीक बारीक तुकडे करून रेंडर करते. मशीन मरायच्या आत तुकडा झाला तर झाला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. बाकी कौतुक करायला हवं, चिकाटी आहे. आज तर तिनं नोकरीच्या वेळची जुनी पुस्तकंही माळ्यावरून काढली. पहिल्या धड्यापासून वाचत बसलीय. मुलाला विचारत होती, "अरे, मला आधी जमायचं ना हे?" तो म्हणाला, "वेडी आहेस का?"

मला ऐकून बरं वाटलं. माणूस स्वतःला तपासायला लागलं की सुधारतं. त्या दिवशी बोललो ते अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं.

१२ मार्च, मंगळवार

आज फार वाईट वागलो. जसं झालं तसं लिहितो.

सूनबाई सकाळी चहा घेऊन आली. उभीच राहिली. मग म्हणाली, "बाबा, मी एकदा उघडून बघू का? तुमच्यासमोरच. ऑफिसात असताना मी साफ करायचे आमची मशीनं."

मी म्हणालो, "उघड की. उघड, आणि मग यापुढे काही बिघडलं तर माझ्याकडे येऊ नकोस. मी काय, म्हातारा झालोय. मला काय कळतंय."

"नको नको, सहज विचारलं हो." चहा ठेवून गेली.

जेवताना मुलानं विषय काढला. तिची एक मैत्रीण आहे, तिच्याकडे मोठं मशीन आहे, काही दिवस तिथे जाऊन काम केलं तर? मी ताट सरकवलं. म्हटलं, म्हणजे उद्या गावभर होऊ दे की सरांच्या घरात मशीन चालत नाही म्हणून सून दारोदार हिंडते. सूनबाई लगेच म्हणाली, "मी नाही जात, बाबा. तुम्ही जेवा." ती नाही जात म्हटल्यावर मी जेवलो. हे लिहायलाही शरम वाटते, पण जेवलो.

नंतर बायको म्हणाली, "अहो, त्या मशीनचे लाड पुरे झाले. पोरीचं तोंड बघा एकदा." बघितलं. वाळलंय खरं. काम जास्त पडतंय तिला.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी सगळे नातीला लस द्यायला दवाखान्यात गेले. घरात मी एकटा.

चष्म्याचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. म्हटलं, एकदा कूलर काढूच, म्हणजे त्याला छातीठोकपणे सांगता येईल की बाबा रे, नीट बसला होता. स्क्रू सोडले, ठोकळा जरासा फिरवून उचलला, उलटा केला.

ठोकळ्याच्या बुडाला प्लास्टिकचा पातळ पारदर्शक कागद. त्यावर लाल अक्षरांत छापलेलं: बसवण्याआधी काढावा.

मी खुर्चीत बसलो.

ठोकळ्याच्या तळाला ओरखडा पडू नये म्हणून कंपनी तो कागद लावते. पोरानं पहिल्याच दिवशी शिकायची गोष्ट. मी प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली होती, अगदी मोजून मापून, आणि तिच्यावर हा ठोकळा प्लास्टिकसकट दाबून बसवला होता. उष्णता वर येणार कुठून? खाली प्रोसेसर भाजून निघत होता, जळू नये म्हणून ते बिचारं मशीन स्वतःहून बंद पडत होतं, आणि वर मी ठोकळ्यावर हात ठेवून सांगत होतो, गार आहे. अरे, गार आहे हाच तर दोष होता! उष्णतेचं वहन मी शिकवायचो. मी. फळ्यावर आकृती काढून.

कागद सोलून काढला. सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, रेंडर लावलं. ठोकळा कोमट झाला. मग चांगला तापला. चटका बसून इतका आनंद कधी झाला नव्हता. जिना गेला, पहिला मजला गेला, मशीन थांबेचना.

तेवढ्यात जिन्यावर नातीचं रडणं ऐकू आलं. आले सगळे. मी काय करावं? तो कागद चुरगळला आणि केराच्या डब्यात भाजीच्या सालींखाली दाबला. दाबताना हात दिसत होता मला माझा. थांबवला नाही.

सूनबाई दारातच थबकली. पडद्यावर गच्ची आली होती, तिचं ऊन, तिच्या कुंड्या. "बाबा! चाललं? काय झालं होतं?"

तोंडाशी आलं होतं. देवाशप्पथ, आलं होतं. म्हणालो, "आत एक जोड ढिला झाला होता."

"ढिला कसा झाला?"

इथे तरी गप्प बसावं की नाही? "धक्का बसला असणार. सरकवताना वगैरे."

तिचा चेहरा उतरला. "केर काढताना मी टेबल सरकवलं होतं एकदा..."

"बघ, म्हणून सांगत असतो मी," असं म्हणालो. हे शब्द माझेच आहेत.

१६ मार्च, शनिवार

घरात माझा उदोउदो चाललाय. सूनबाईनं माहेरी फोन करून सांगितलं, "बाबांनीच शोधून काढलं गं. झालं होतं माझ्यामुळेच." मी शेजारच्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

चष्म्याचाही फोन. "सर, लागला का छडा?" म्हटलं, जोड ढिला होता. "अस्सं. कूलर नव्हता ना काढला?" म्हटलं, नाही. त्याचा आवाज एकदम मवाळ झाला. "बरं बरं. चाललं ना, झालं तर." त्याला कळलं. हसत असेल. नाही, तो हसणार नाही, तेच जास्त लागतंय.

सूनबाईला सांगायचं आहेच. पण आत्ता तिचं काम ऐन रंगात आलंय. मध्येच सांगून तिचं चित्त कशाला विचलित करायचं? फिल्म एकदा जाऊ दे.

२१ मार्च, गुरुवार

फिल्म गेली, एक दिवस आधीच. जाण्यापूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. काय सुंदर केलीय! खिडकीतून ऊन कसं सरकतं, दार ढकललं की पडदा कसा हलतो. मी म्हटलं, "फर्स्ट क्लास." ती जेमतेम हसली. दमली असेल.

आज सांगणार होतो. पण आनंदाच्या दिवशी नको वाटलं. उद्या.

२२ मार्च, शुक्रवार

जेवताना सूनबाई म्हणाली, "मॅडमचा फोन होता. फिल्म खूप आवडली. वर्षाचं काम द्यायला तयार आहेत."

बायको म्हणाली, "अगंबाई!" मुलानं तर ताटावरूनच हात उंचावला.

"मी नाही म्हणाले."

कोणाला समजेचना. मुलगा म्हणाला, "काय म्हणालीस?"

"मला नाही झेपणार रे. माझ्याच हातानं मशीन बिघडवलं, इतके दिवस वाया गेले, आणि काय बिघडलंय ते मला कळलंसुद्धा नाही. आधी मी अशी नव्हते. मध्ये तीन वर्षं गेली, आता ते हात राहिले नाहीत. वर्षाचं काम अंगावर घेऊन त्यांना तोंडघशी पाडण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

अगदी शांतपणे बोलली. रडत असती तर बरं झालं असतं. ती "चुकलं माझं" म्हणायची, तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याचं मन राखते. तिनं खरंच धरलं होतं ते. त्या जुन्या पुस्तकांचा अर्थ मला घास हातात धरून आज कळला.

मी बोललो. एका दमात. "तू काही बिघडवलं नव्हतंस. कूलरखालचा प्लास्टिकचा कागद काढायला मी विसरलो होतो, जोडताना. धक्काबिक्का काही नव्हता. मी खोटं बोललो. मला गेल्या शुक्रवारपासून माहीत आहे."

नातीनं पाणी मागितलं. बायकोनं दिलं. मुलगा ताटाकडे बघत राहिला.

सूनबाईनं विचारलं, "त्या दिवशी मी दारात उभी होते, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

ती अर्धं ताट घेऊन उठली. कोणी तिला जेवून जा म्हणालं नाही.

२३ मार्च, शनिवार

झोप लागली नाही. सकाळी कोणाला न सांगता आर्किटेक्ट बाईंच्या ऑफिसात गेलो. बाकावर बसवून ठेवलं. मग आत बोलावलं. सगळं सांगितलं. कागद, खोटं, सगळं. अनोळखी बाईसमोर, या वयात.

बाई हसल्या. "अहो, एवढंच? आमच्याकडेही एकानं केलं होतं हे." त्यांच्या लेखी ती एवढीशी गोष्ट होती. मग गंभीर झाल्या. "काम अजून कोणाला दिलेलं नाही. पण सूनबाईंना स्वतः फोन करायला सांगा. सासऱ्यांनी रदबदली करायची गरज नाही."

बरोबर बोलल्या. पण मला वाटलं, निदान आनंदाची बातमी तरी घेऊन चाललोय. घरी येऊन सूनबाईला सांगितलं, आणि ती ओरडली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.

"तुम्हाला जायला कोणी सांगितलं होतं? मला विचारलंत? मशीन कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत. चूक कोणाची तेही तुम्हीच ठरवलंत. आता माझं काम मागायलाही तुम्हीच जाणार?"

मी उभा होतो, हातात पिशवी तशीच. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं मला सोडवलं नाही. बरं केलं.

२५ मार्च, सोमवार

सकाळी सूनबाई फोन घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी वर्तमानपत्र धरून हॉलमध्ये बसलो. बराच वेळ आतून काहीच ऐकू येईना. मग एकदा तिचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

बाहेर आली ती सरळ बायकोकडे. काम मिळालं. वर्षभराचं, सगळं. "पण आई, मी त्यांच्या ऑफिसात जाऊन करणार आहे. तिथल्या मशीनवर."

मुलगा म्हणाला, "अगं, पण घरचं मशीन आता उत्तम चालतंय की. फिल्म त्याच्यावरच तर केलीस."

"चालतंय रे. पण त्याच्यापुढे बसले की प्रत्येक बटण दाबायच्या आधी मी बाबांच्या खोलीकडे बघते."

मी तिथेच बसलेलो. ती मला टोमणा मारत नव्हती. मुलानं विचारलं म्हणून सांगत होती, जसं आहे तसं. वर्तमानपत्रातलं एक अक्षर दिसत नव्हतं मला.

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माफी मागायची वेळ तर मी केव्हाच घालवून बसलोय. म्हटलं, काहीतरी उपयोगी पडावं. घसा साफ करून म्हणालो, "तू जा बिनधास्त. दिवसा नातीला मी सांभाळेन."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. असता तर चाललं असतं.

"नको बाबा," ती म्हणाली. "आईंना सांगितलंय मी."